दुसऱ्याच्या कोडवर मार्क

विश्रामबाग, सांगली
१४ जून

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालीस, तुमच्या कंपनीत नवीन भरती झालेली पोरं प्रोग्रामिंगची कोडी फटाफट सोडवतात, पण चालू कोडमध्ये एक ओळ बदलायला सांगितली की अडून बसतात. आणि विचारलंस, "तुम्ही कॉलेजात शिकवता तरी काय?" प्रश्न मनाला लागला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले.

पोरं हुशार आहेत गं. पण चार वर्षं ती आपणच लिहिलेला कोड आपणच चालवून दाखवतात. सबमिशन झालं, जर्नलवर सही झाली, की तो प्रोग्राम पुन्हा कुणी उघडत नाही. आपला विषय, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, तर तिथून पुढे सुरू होतो. लिहिणारा निघून गेलाय, गिऱ्हाइकाची मागणी बदललीय आणि तिसऱ्याच माणसाला ती फाइल उघडायची वेळ आलीय. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला नाटोची परिषद भरली आणि 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव रुजलं, ते मोठी सॉफ्टवेअरं वेळेत होत नव्हती, खर्चात बसत नव्हती, भरवशाची नव्हती म्हणून. ती ठेच ज्यांना लागलीच नाही, त्यांच्याकडून आपण व्याख्या पाठ करून घेतो. वॉटरफॉलची, म्हणजे एकामागून एक टप्पे संपवत सॉफ्टवेअर करण्याच्या पद्धतीची, आकृती सगळ्यांना झोपेतही काढता येते. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी ती काढली आणि लगेच लिहिलं, की असं करणं धोक्याचं आहे. चाचणी शेवटी येते, आणि तिथं घोळ सापडला तर पार डिझाइनपर्यंत मागं जावं लागतं. वर्गात आकृती तेवढी पोचली, इशारा वाटेतच गळाला. याचा मला फार राग येतो.

म्हणून या सत्रात मी तिसऱ्या वर्षाच्या बॅचला हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात नेलं. एका अडत दुकानासाठी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशोब, करणारं सॉफ्टवेअर, हाच सगळ्या गटांचा प्रोजेक्ट. पोरांनी प्रश्नांची यादी नेली होती. अडत्यांनी सौद्याच्या गडबडीत भराभर उत्तरं दिली, पोरांनी लिहून घेतली. शेतकरी, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. झालं काम! एक मुलगी मात्र दिवाणजींच्या शेजारी गप्प बसून त्यांची वही बघत राहिली. एकाच शेतकऱ्याच्या नावाखाली तीन ओळी होत्या : हळकुंड, गड्डा, कणी. तिन्हींचं वजन वेगळं, दर वेगळा. पोरांच्या फॉर्ममध्ये दराला एकच चौकोन! "तुम्ही सांगितलं नाही," असं एकजण दिवाणजींना म्हणाला. ते म्हणाले, "त्यात काय सांगायचं? हळद म्हटल्यावर तिन्ही आलंच की." रिक्वायरमेंट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गरजा, गोळा करण्यावर मी तासच्या तास बोलले असते तरी त्या एका वाक्याची सर आली नसती. ज्याला कामाची सवय आहे त्याला ते सांगावंसंच वाटत नाही. ते शेजारी बसून बघावं लागतं.

मग सत्राच्या मध्यावर मी गटांचे कोड आपसात बदलले. इथून पुढं प्रत्येकाने दुसऱ्या गटाचा कोड पुढं न्यायचा आणि मार्क त्याच्यावर. वर्गात हलकल्लोळ. "मॅडम, त्यांनी केलेल्या घोळाचे मार्क आमचे का कापायचे?" मी ठाम राहिले. नवीन मागणी दिली ती अगदी यार्डातली : शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल पट्टीतून वळती करायची. एका गटाला मिळालेल्या कोडमध्ये कपातीचा हिशोब तीन ठिकाणी लिहिलेला होता : स्क्रीनवर दाखवताना, पट्टी छापताना आणि महिन्याचा गोषवारा काढताना. त्यांनी दोन ठिकाणी बदल केला, तिसरी जागा राहिली. पट्टी एक रक्कम सांगते, गोषवारा दुसरी. चूक हुडकायला त्यांची संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी मी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचा १९७२ सालचा मुद्दा फळ्यावर मांडला, की जो निर्णय पुढं बदलण्याची शक्यता आहे तो एकाच मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच स्वतंत्र भागाच्या, पोटात लपवावा. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे आधी का नाही सांगितलं?" आधी सांगून ते आत गेलं नसतं, वैशाली. मला याची खात्री आहे.

उचल निव्वळ रकमेपेक्षा जास्त निघाली तर काय, हेही कुणी धरलं नव्हतं. पट्टीवर उणे रक्कम छापून आली. दिवाणजींनी ती बघून शांतपणे सांगितलं, "बाकी पुढं ओढायची." त्यांच्या वहीत 'मागील बाकी' ही ओळ पहिल्यापासून होतीच.

पैशांचा हिशोब फ्लोटमध्ये, म्हणजे मशीनच्या अंदाजे दशांश आकड्यांत, ठेवायचा नाही, हेही तिथंच पटलं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज मशीनवर ०.३०००००००००००००००४ येते हे बघून पोरं चाट पडली, आणि मग सगळे गट रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायला लागले.

चाचणीसाठी मात्र यार्ड सोडून नदीवर आले. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. सांगलीतल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, २०१९ चा पूर घरात शिरलेला त्यांनी पाहिलाय. पातळी दिली की 'सामान्य', 'इशारा' किंवा 'धोका' सांगणारं फंक्शन लिहायला दिलं. सगळ्यांनी ३०, ४२, ५० घालून तपासलं. नेमके ४० आणि ४५ कुणीच घातले नाहीत. काहींच्या कोडमध्ये ४५ फुटांना अजून 'इशारा'च चालू होता. वर्ग एकदम गप्प झाला. मग एरियन ५ या युरोपच्या अग्निबाणाचं सांगितलं. ४ जून १९९६, उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत यान फुटलं. एरियन ४ मधला कोड तसाच उचललेला. नव्या यानाचा वेग जास्त, एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यावरही तोच प्रोग्राम, म्हणून तोही तसाच बंद पडला.

चॅटजीपीटीचं तू विचारशीलच. मी बंदी घातलेली नाही. ओरलला फक्त इतकंच करते : समोर बसवते आणि एक मागणी बदलते. "तोलाई पोत्यावर नाही, क्विंटलवर घ्यायची. कुठं बदलशील, आणि त्यामुळं आणखी काय बिघडेल?" कोड कुणी का लिहिलेला असेना, ज्याने तो वाचलाय तो नेमक्या फाइलवर बोट ठेवतो. बाकीचे स्क्रोल करत राहतात. एवढ्यात कळतं.

हे सगळं पेपरात बसत नाही, ही माझी खरी अडचण आहे. लेखी परीक्षेला अजून टिपाच येतात, आणि पोरंही शेवटचे पंधरा दिवस गाइड घेऊनच बसतात. तरी अंतर्गत मार्कांची जी थोडी जागा माझ्या हातात आहे ती मी सोडणार नाही.

आता तुझ्याकडे मागणं. ऑगस्टमध्ये एका शनिवारी ये. भाषण नको. पोरांचा कोड तू त्यांच्यासमोर तपास, जसा तुझ्या टीममधल्या माणसाचा तपासतेस तसा, अजिबात न सांभाळून घेता. माझं बोलणं त्यांच्या कानाला सवयीचं झालंय. कमिटवर, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीवर, 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' असं लिहिणाऱ्यांना तर तूच विचार, की सहा महिन्यांनी यातून कुणाला काय कळणार.

शुक्रवारी रात्रीच आलीस तर उत्तम. आईला सांगून ठेवलंय. तारीख कळव, म्हणजे लॅब अडवून ठेवते.

तुझी,
मीरा