शांताच्या घरी आलेला पाहुणा

वाई, दिव्यांची अवस

प्रिय गड्या,

गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, "एका हाताला ज्ञानेश्वरी आणि दुसऱ्या हाताला भुताखेतांच्या गोष्टी, हे दोन्ही तुला एकाच वेळी वाचवतं कसं?" मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनात रुतून बसला. आज आईने घरातल्या समया, निरांजनं, माळ्यावरचा कंदील, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलंय. पाऊस सकाळपासून लागून राहिलाय आणि कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढतंय. म्हटलं, आज बसावं आणि तुला नीट लिहावं.

अशाच एका पुराची गोष्ट आधी सांगतो. अल्जरनॉन ब्लॅकवुड या इंग्रज लेखकाची 'द विलोज' ही दीर्घकथा, १९०७ सालची. दोन मित्र होडीतून डॅन्यूब नदी उतरत निघालेत. नदीला पूर आलाय. ते वाळूच्या एका बेटावर मुक्काम करतात. बेटावर दुसरं काही नाही, नुसती वाळुंजाची झुडपं, आणि बेट रात्रभर कडेकडेने ढासळतंय. भूत नाही, रक्ताचा थेंब नाही. सकाळी वाळूत नरसाळ्यासारखे लहान लहान खळगे पडलेले दिसतात, होडीचं एक वल्हं गायब असतं. पण रात्री गोष्ट सांगणाऱ्याला झुडपांमधून आभाळाकडे चढत जाणाऱ्या प्रचंड आकृती दिसतात. त्या क्षणी तो पळत नाही. त्याला वाटतं, इथे लोटांगण घालावं, पूजा करावी. मी तिथेच पुस्तक मिटलं. मला गीतेचा अकरावा अध्याय आठवला, विश्वरूपदर्शनाचा.

अर्जुन तेच म्हणतो ना! 'अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे.' पूर्वी कधी न पाहिलेलं पाहून हर्षलो आहे, आणि भयाने मन कासावीस झालं आहे. दोन्ही एकाच श्वासात. आणि माउली त्या अध्यायाच्या दारातच काय सांगतात बघ: 'जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा.' शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा आलाय, आणि त्याच्या पंक्तीला बसून बाकीच्या रसांनाही मान मिळालाय. त्या पंगतीत भयानकालाही पान वाढलेलं आहे. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. माझ्या मनात ती दोन घरं नाहीतच. घर एकच आहे, कधी पाहुणा ओळखीचा असतो, कधी नसतो.

ब्लॅकवुड हा काही नुसता गोष्टी रचणारा माणूस नव्हता. 'गोल्डन डॉन' नावाच्या गुप्त साधक मंडळाचा तो सभासद होता. आर्थर मॅकेन हा दुसरा भयकथाकारही त्याच मंडळातला, आणि कवी येट्ससुद्धा. ही माणसं भीतीकडे साधनेच्या वाटेवरून आली होती, म्हणून त्यांच्या भीतीला खोली आहे. नुसतं दचकवणाऱ्या गोष्टी मला आता वाचवत नाहीत.

आता सहावा अध्याय. बाबांची ती दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी आठवते का तुला, खाकी कव्हराची? ती सध्या माझ्या उशाशी असते. कुंडलिनी, म्हणजे देहात निजलेली शक्ती, जागी होते तिथपासून पुढच्या ओव्या एकदा सलग, मोठ्याने वाच. 'नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें.' इथवर किती कोवळं आहे! मग ती उठते, आणि भुकेली असते. हृदयाखालचं मांस खाते. तळहात, तळपाय शोधत जाते, सांध्यासांध्याचा झाडा घेते, नखांचंही सत्त्व काढते. 'अस्थींचे नळे निरपे । शिरांचे हीर वोरपे.' हाडांच्या नळ्या निपटते, शिरांच्या काड्या ओरपते. सात धातूंच्या सागराचा तहानेल्या घशाने घोट घेते आणि मागे खडखडीत उन्हाळा करून ठेवते. गड्या, शाळेत असताना आपण वाचनालयातून नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं आणून तुमच्या माडीवर कंदिलाच्या उजेडात वाचायचो. त्यात इतकं अंगावर येणारं एक पान मला आठवत नाही. आणि हे माउलींनी शके १२१२ मध्ये लिहून ठेवलंय, देवघरात वाचण्यासाठी.

फरक पुढे पडतो. सगळं खाऊन झाल्यावर ती शांत होते, आणि त्या जळलेल्या देहातून नवा देह उमलतो. दातसुद्धा नवे येतात, हिऱ्यांची ओळ बसवल्यासारखे. मग माउली म्हणतात, 'पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु.' पिंडाने पिंड, म्हणजे देहानेच देह गिळायचा, ही नाथपंथाची खूण. कृष्णाने गीतेत ती नुसती सुचवली होती, मी त्या गाठोड्याची गाठ सोडून घडी झाडून तुम्हा गिऱ्हाइकांपुढे उलगडली, असं ते सांगतात. कापडवाला दुकानात ठाण उलगडतो तसं! गुरुमुखाशिवाय मिळत नाही असं जे गुह्य, ते मराठीत भर सभेत. या ओवीशेजारी बाबांनी पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलंय. का दिलं असेल, हे आता कुणाला विचारणार?

धारपांवरही अन्याय नको. त्यांच्या गोष्टींत वाईट शक्तींना तोंड देणारे 'समर्थ' नावाचे पात्र असायचे, म्हणून आपण दोघं त्या वयात झोपू शकलो. काळोख कितीही दाटला तरी कुणीतरी येणार आहे, हा भरवसा होता. जी. ए. कुलकर्णी तो भरवसा देत नाहीत. 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' पुन्हा वाचली. एका वाटसरूला मठात नेतात, आदराने तळघरात ठेवतात, तूच आमचा स्वामी म्हणतात. सुखसोयी सगळ्या, फक्त बाहेर जायला वाट नाही. तिथे वाढणारा तो वेल आठवला की अजून घशात आवंढा येतो. अध्यात्माच्या नावाने माणसाला कसं गाडता येतं, हे याहून खरं कुणी लिहिलंय असं मला वाटत नाही. साधनेची पुस्तकं वाचणाऱ्या प्रत्येकाने ही कथा जवळ ठेवावी.

आणि आता जे सांगण्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. 'द विलोज'मधला सोबती मित्राला बजावतो, त्यांचा विचार करू नकोस, तू जे मनात आणशील ते घडेल. हे वाक्य घेऊन मी योगवासिष्ठ या संस्कृत वेदान्तग्रंथाकडे गेलो, त्यातल्या लीलोपाख्यानाकडे, म्हणजे राणी लीलेच्या गोष्टीकडे. राणी लीला सरस्वतीकडे वर मागते की नवरा गेला तरी त्याचा जीव या घराबाहेर जाऊ नये. राजा पद्म मरतो. ती त्याचा देह फुलांनी झाकून ठेवते आणि वाट पाहते. मग देवी तिला सांगते: एका डोंगरावर वसिष्ठ नावाचा ब्राह्मण आणि त्याची बायको अरुंधती राहत होती. त्याने एकदा राजाची मिरवणूक पाहिली आणि आपणही राजा व्हावं असं त्याच्या मनात आलं. तो मेला. तोच तुझा नवरा, ती अरुंधती तूच, आणि तुमचं हे अख्खं राज्य, नद्या-डोंगरांसकट, त्या ब्राह्मणाच्या झोपडीतल्या पोकळीत आहे. त्याला मरून आज आठ दिवस झालेत. लीला देवीसोबत तिथे जाते, तर घर शोकात बुडालेलं, तिचाच थोरला मुलगा तिच्यासाठी रडतोय.

तुला माहीत आहे, चैत्रात बाबा गेल्यापासून आई त्यांच्या खोलीतली खाट हलवू देत नाही. चादर रोज बदलते. मी दोन-तीनदा समजावून पाहिलं, मग सोडून दिलं. परवा रात्री वीज गेली होती, तेव्हा तिला ही लीलेची गोष्ट वाचून दाखवली. वाचताना मला धास्ती होती की ती रडेल. ती ऐकत राहिली, वाती वळत राहिली. आठ दिवसांपाशी आलो तेव्हा तिने मला थांबवलं.

"आठच दिवस? म्हणजे अजून दहावंसुद्धा झालं नव्हतं त्याचं."

"हो."

"आणि तेवढ्यात तिकडे राज्य करून झालं?"

"हो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "झोपडी केवढी असेल रे? आपल्या या खोलीएवढी?"

मी म्हटलं, असेल.

त्यानंतर खाटेबद्दल मी तिला काही म्हणालेलो नाही, म्हणणारही नाही.

तुझ्या ट्रंकेत धारपांची 'चंद्राची सावली' अजून असेल तर गणपतीत येताना घेऊन ये, आणि दोन दिवस जास्तीचे काढून ये. सहावा अध्याय मला तुझ्यासोबत मोठ्याने वाचायचाय, तुमच्या माडीवर वाचायचो तसाच. एकट्याने वाचताना मी 'वोरपे'पाशी अडतो.

कणकेचे दिवे उकडून झालेत, आई हाक मारतेय. एक दिवा ती त्या खोलीत ठेवणार, हे मला आता माहीत आहे.

तुझाच