मोंढ्यातल्या मुनिमाचा स्वतःचा ताळेबंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ‘आपली एकूण संपत्ती किती’ हे काढायचा तक्ता अधूनमधून येतो. म्युच्युअल फंड, शेअर, पीपीएफ, सोने, स्थावर मालमत्ता असे रकाने असतात. बेरीज करायची, कर्ज वजा करायचं. तक्त्यात चूक काही नाही. पण तो भरायला बसल्यावर आमच्यासारख्याची काय गत होते, ते कळवावं म्हणून हे पत्र.

मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर (दलालाच्या पेढीवर) चौतीस वर्षं मुनीम आहे. लोकांचं नावे-जमा लिहिण्यात हयात गेली, स्वतःच्या नावाचं पान काही कधी उघडलं नाही. या दिवाळीला (२०२५) मुलगा पुण्याहून आला. त्याच्या फोनात एक ॲप आहे. संमती दिली की बँका, फंड सगळीकडून आकडे आपोआप गोळा होतात आणि वर एकच मोठा आकडा दिसतो. म्हणाला, “अण्णा, तुमचं किती?” मी सहज बोलून गेलो, “सत्तर-पंच्याहत्तर लाखाला मरण नाही.” तो हसला नाही. म्हणाला, मग लिहा.

पाडव्याला पूजलेल्या वह्यांतली एक उरली होती. तीच घेतली.

पहिल्याच ओळीला शेत आलं आणि तिथंच एक तास गेला. औसा तालुक्यातल्या आमच्या गावचा सातबारा २ हेक्टर ४० आरचा, त्यावर आम्हा तिघा भावांची नावं. माझ्या वाट्याला ८० आर, म्हणजे दोन एकर. वाटणी अशी, की वडील बांधावर उभं राहून म्हणाले, “तुझं त्या लिंबापर्यंत.” मोजणी नाही की फाळणी नाही. इतर हक्काच्या रकान्यात माझ्या पीककर्जाच्या बोज्याखाली धाकट्या भावाच्या कर्जाचाही बोजा. पारावर एकरी पंचवीस लाखांचा भाव सांगतात. तो रस्त्याला लागून असलेल्या तुकड्याचा. माझ्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट आहे आणि पावसाळ्यात तो ती काट्या टाकून बंद करतो. मोंढ्यात आम्ही शेतकऱ्याला रोज सांगतो, सौद्यात पुकारलेला भाव घरी नेता येत नाही. हमाली-तोलाई जाऊन पट्टीच्या तळाशी जो आकडा राहतो, तो तुझा. स्वतःच्या शेताला मात्र मी इतकी वर्षं पुकारलेलाच भाव लावत होतो. पन्नास लाख खोडून सोळा लिहिले आणि पुढं शेरा मारला: ‘फाळणी, मोजणी झाल्यावर’.

त्याच शेतातलं सोयाबीन, आठ क्विंटल. सप्टेंबरच्या पाण्यानं निम्मं नेलं, उरलं ते डागी. त्या हंगामाचा (२०२५-२६) हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. मुलानं तोच धरला. मी म्हणालो, बाबा रे, मी याच आडतीवर बसतो, माझ्या मालाला ३,८०० मिळतील. ३०,४०० लिहिले.

घर आहे, तीन खोल्यांचं, पण ते विकून राहायचं कुठं? लिहिलं आणि पुढं सरकलो.

सोन्याला आलो तेव्हा घरातून आवाज आला, “हे काय लिहायलाव? ते माझं हाय.” खरंच आहे, स्त्रीधन माझ्या वहीत येतच नाही. तरी कुतूहल म्हणून तिनं डबा आणला. पाटल्या, एकदाणी आणि तिच्या आईची बोरमाळ. बोरमाळ ओळखीच्या सोनाराकडं नेली. काट्यावर अठरा ग्रॅम भरली. त्यानं एक मणी बोटांत फिरवला, भोकाशी चिमट्यानं खरवडलं, तर आतून तांबूस लाख निघाली. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. मोडीला लाख वजा, मजुरी तर केव्हाच गेलेली, आणि त्या काळच्या दागिन्यावर हॉलमार्कही नाही, त्यामुळं कस लावूनच किंमत. मण्यांतलं सोनं साडेदहा ग्रॅमच्या आसपास, असं तो म्हणाला. बायको परत येताना रिक्षात गप्प होती. आम्ही एकवीस वर्षं ती माळ दीड तोळ्याच्या वर धरून चाललो होतो.

विमा पॉलिसीचे मी दोन लाख लिहिले होते. ती तर मुदत संपल्यावरची किंवा मी गेल्यावरची रक्कम. आज मोडली तर ८८ हजार. राष्ट्रीय बचतपत्र पाच वर्षांचं आहे आणि मुदतीआधी मोडत नाही, मग आजारपणात त्याचा उपयोग काय? म्हणून ‘किती दिवसांत हाती’ असा एक रकाना मी स्वतःच आखला.

वडिलांच्या एका जुन्या बचत खात्याचाही शोध लागला. दहा वर्षं व्यवहार नसला की अशी ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडं जाते, पण वारसांचा हक्क संपत नाही. ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव टाकून मुलानं बघितलं, तर जुळणारं नाव निघालं. रक्कम कळेपर्यंत तिथं शून्य.

आता दुखणं सांगतो. एका मल्टिस्टेट पतसंस्थेत माझे अडीच लाख आहेत. बँकेपेक्षा व्याज जास्त होतं, म्हणून ठेवले. दोन वर्षांपासून शटर खाली आहे. पावती मात्र कपाटात करकरीत आहे. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला त्या बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला ते नाही. हे मला माहीत होतं, हिशेबाचा माणूस आहे मी. तरी ठेवले, आणि बहिणीलाही ठेवायला लावले. दुसऱ्याच्या वहीत अशी रक्कम मी डोळे झाकून ‘संशयित येणे’ खाली टाकली असती. स्वतःच्या वहीत ते शब्द लिहायला मला दोन दिवस लागले.

चुलतभावाला दिलेले पंचवीस हजार लिहिलेच नाहीत. मागायला तोंड नाही, तर येणं कसलं? आणि मेहुण्याकडून मुलीच्या लग्नात घेतलेले चाळीस हजार मी विसरलो होतो. तो विसरला नसणार.

शेवटी हातात येण्यासारखं काय, तेवढं काढलं. बँकेत २,४२,००० (ठेव मोडून), सोयाबीनचे ३०,४०० आणि आडतीच्या शेठजींकडं जमा १,८०,०००. त्यातून पीककर्जाचे सत्तर हजार आणि मेहुण्याचे चाळीस गेले. आठ दिवसांत उभे राहतील असे ३,४२,४०० रुपये. कुठं पंच्याहत्तर लाख!

संपादक महोदय, आपल्या तक्त्यात ‘स्थावर मालमत्ता’ ही एक ओळ आहे. इकडं त्या एका ओळीत तीन भाऊ, दोन बोजे आणि एक बंद वाट बसते. पुढच्या वेळी तीन रकाने वाढवा, ही विनंती: कुणाच्या नावावर, आज विकलं तर किती, आणि किती दिवसांत. जमल्यास वारस नोंद आहे की नाही, हेही विचारा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला वारस म्हणून (नॉमिनी) चार जणांपर्यंत नावं लावता येतात. माझ्या खात्यावर अजून आईचं नाव होतं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. ते परवा बदललं.

राहता राहिले शेठजींकडचे एक लाख ऐंशी हजार. मोंढ्यात ही जुनी रीत, पगारातलं मालकाकडंच राहू द्यायचं. पावती नाही. पुरावा म्हणजे त्यांच्या खतावणीतलं एक पान आणि त्यावरचं अक्षर माझंच. मी उद्या नसलो तर मुलगा काय दाखवणार? सोमवारी पेढी उघडल्यावर कोऱ्या कागदावर रक्कम लिहून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मुनीमजी, चौतीस वर्षांनी?” म्हणाले. मग सही केली आणि खाली तारीख मला घालायला सांगितली.

आपला,
एक मुनीम, लातूर