ताई, तुमच्या एका प्रश्नासाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

टाकाऊ वस्तूंचं कासव पूर्ण झालं. त्यासाठी तुम्ही कचऱ्यातून निवडून, बांधून ठेवलेल्या पोत्यांचे आभार तर आहेतच. पण हे पत्र खरं म्हणजे तुमच्या एका प्रश्नासाठी आहे. पुठ्ठ्याचा पहिला छोटा नमुना तुम्ही हातात घेतलात, उलटा करून पाहिलात आणि विचारलंत, "हे नंतर सुटं कसं करणार?" पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण टाकाऊ वस्तूंतून काही घडवणाऱ्या कुणालाही सुरुवातीलाच हा प्रश्न पडायला हवा.

त्या नमुन्यावर बुचं ग्लू गनने चिकटवली होती. चिकटवण्याआधी पुठ्ठा रद्दीत जाऊ शकत होता आणि बुचं प्लास्टिकमध्ये. चिकटवल्यावर दोन्ही बाद. पुठ्ठ्याच्या लगद्यात गोंदाचे गोळे येतात, वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये कागदाचे धागे जळून काळे डाग पडतात. कचऱ्याविषयी सांगणारी वस्तू स्वतःच कुणालाही न निवडता येणारा कचरा झाली होती. ते तुम्हाला एका नजरेत दिसलं, कारण अशा चिकटलेल्या वस्तू रोज तुमच्याच हाताखालून जातात.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता बोललात, पण कामाची दिशा तिनेच ठरली. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या नेऊ नका, त्यांना गिऱ्हाईक आहे. जे कुणी घेत नाही ते न्या. अगदी खरं. स्वच्छ, एकरंगी बाटलीचा पुन्हा धागा होतो. ती कापून फुलं करणं म्हणजे चालत्या गाड्याचं चाक काढण्यासारखं आहे. म्हणून रंगीबेरंगी बुचं, सुकलेल्या पेनांची टोपणं, आतून चंदेरी असलेली खाऊची पाकिटं आणि भिजून फाटलेले खोके असंच बहुतेक सगळं घेतलं.

निवडीचं तुमचं शास्त्र इथे नोंदवून ठेवतो. वस्तूच्या तळाशी किंवा बुचाच्या आत प्लास्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला आकडा पाहायचा: १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन, ७ म्हणजे इतर सगळं. आकडा पुसला असेल तर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडायचा. २, ४ आणि ५ वर येतात, १ आणि ३ तळाला जातात. साबण आवश्यक, नाहीतर चिकटलेले हवेचे बुडबुडे जड तुकड्यालाही तरंगत ठेवतात. ३ आकड्याला उष्णता अजिबात लावायची नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तांब्यासाठी वायर जाळणं याच कारणाने वर्ज्य. वरचं आवरण ब्लेडने उभं चिरून सोलायचं.

आता कासव. हे लेदरबॅक आहे, पाठीवर टणक कवचाऐवजी चामड्यासारखी कातडी असलेलं. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या सात उभ्या धारा ही त्याची ओळख. सांगाडा खोक्यांच्या पुठ्ठ्याचा. आडव्या-उभ्या फासळ्यांना निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या आहेत. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. एक मिलिमीटर जास्त झाली तरी सांगाडा डुलतो. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या यायला हव्यात, आडव्या आल्या की वजनाखाली फासळी चिरडते.

अंगावरचा लगदाही खोक्यांचाच. वर्तमानपत्राचे तंतू आखूड असतात, त्याचा लगदा गुळगुळीत होतो पण कडा ढलप्यांसारख्या सुटतात. खोक्याचे तंतू लांब, ते एकमेकांना धरून ठेवतात. चकचकीत मासिकांच्या कागदात चिकणमातीचा लेप असतो, लगदा पिठूळ होतो. बिलांच्या गुळगुळीत पावत्या तुम्ही बाजूला काढता तेच योग्य, त्यांच्यावर उष्णतेने उमटणाऱ्या छपाईची रसायनं असतात. ५०० ग्रॅम पुठ्ठा बोटाच्या पेराएवढा फाडून २४ तास भिजवायचा, मग मूठमूठ घेऊन भरपूर पाण्यात मिक्सरमधून काढायचा. पाणी कमी पडलं की मोटर तापते आणि गुठळ्या राहतात. कापडात पिळताना कोरडा करू नये. गोळा दाबल्यावर ओल जाणवावी, पण थेंब पडू नये.

खळीसाठी १०० ग्रॅम मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, मग एकूण ६०० मिलिलिटर पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधाळ रंग जाऊन खळ पारदर्शक दिसू लागली की झाली. कच्ची राहिली तर वाळल्यावर पीठ होऊन गळते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे. मोरचूद माशांना विषारी आहे आणि हा लगदा पुन्हा पाण्यात जायचा आहे, म्हणून ते टाळलं. बुरशीवर खरा उपाय पूर्ण वाळवणं हाच.

चुका होतात त्या इथे. थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड लावला की बाहेरची साल आधी वाळून कडक होते, आत ओल कोंडते आणि आठवड्याने काळे ठिपके येतात. कडक उन्हात ठेवलं तर हे आणखी लवकर होतं. सावली, वारा आणि खालून मोकळी हवा हवी. वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, वजनाला कळतं. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं तरच पुढचा थर. तडे गेले तर त्यात नुसता लगदा भरून उपयोग नाही, तोही आकसतो. आधी तड्याच्या कडा खळीने ओल्या करायच्या, मग लगदा दोनदा थोडा थोडा भरायचा.

काळा रंग काजळीचा. काजळी पाण्यावर नुसती तरंगते, म्हणून आधी दोन थेंब साबणाच्या पाण्यात घोटायची आणि मग पातळ खळीत मिसळायची. पांढरे ठिपके खडूच्या भुकटीचे. वर व्हार्निश नाही. त्याने चमक आली असती, पण लगदा परत भिजला नसता.

सात धारांवर तुमची बुचं आहेत. एका धारेवर ६०, एकूण ४२०, खवल्यांसारखी एकावर एक सरकवलेली. बुचांचं प्लास्टिक मेणचट असतं, त्याला बहुतेक गोंद आणि रंग धरतच नाहीत. ॲक्रेलिकचा थर सुकल्यावर सालीसारखा निघून येतो. बुचं मूळ रंगातच लावायची आणि तांब्याच्या तारेने बांधायची, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतंच, आणि बांधकाम म्हणूनही तेच टिकाऊ निघालं. प्रत्येक बुचाला खाली लाकडाचा ठोकळा धरून हाताच्या ड्रिलने २ मिलिमीटरची दोन भोकं. वेगाने फिरवलं तर प्लास्टिक वितळून पात्याला गुंडाळतं. भुसा जमिनीवर पडू द्यायचा नाही. खाली कापड अंथरून तो सगळा गोळा करायचा, कारण तो धुतला गेला तर गटारातून थेट पाण्यात जातो. लगद्यात मात्र एका बुचाला एकच भोक. दोन पाडली तर लगदा आकसताना त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि तार बसत नाही. लगदा ओला असतानाच साबण लावलेली काडी खोचून ठेवायची आणि वाळल्यावर फिरवून काढायची. तारेची दोन्ही टोकं आत नेऊन पुठ्ठ्याच्या चकतीवर तीन पीळ. तांबं वाकवता वाकवता ताठ होत जातं, पाचव्या-सहाव्या पिळाला तुटायला लागतं. पोट उघडं ठेवलंय ते याचसाठी, सगळे पीळ आतून सोडता येतात.

डोक्यावरचं एकुलतं गुलाबी बूच सजावट नाही. लेदरबॅकच्या माथ्यावर खरोखरच गुलाबी डाग असतो.

घसा मुलांना नक्की दाखवा. या कासवाच्या घशात आतल्या दिशेने वळलेले काटे असतात, गिळलेला निसरडा जेलीफिश परत बाहेर येऊ नये म्हणून. त्याच काट्यांमुळे गिळलेली पिशवीही सहज बाहेर येत नाही. ते काटे पेनांच्या टोपणांचे केलेत, टोकं आतल्या बाजूला. समोरचा जेलीफिश ४ आकड्याच्या पिशव्यांचा: आठ थर, वर-खाली बेकिंग पेपर, छपाई आतल्या बाजूला, इस्त्री मंद आणि मधून कडेकडे. थर कमी पडले की भोकं पडतात. खिडक्या उघड्या ठेवायच्याच. एकाच जातीचं प्लास्टिक असल्याने ते वितळून जोडलं तरी तुमच्या प्रश्नात अडकत नाही. वल्ही, म्हणजे कासवाचे पाय, पाकिटांच्या वेण्यांची आहेत. पाकिटं कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, नाहीतर तेलाला मुंग्या लागतात.

घानाचे शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पडदे करतात, आणि ते घडी करून नेता येतात. तारेच्या जोडणीवरचा विश्वास तिथून आला. फक्त उघड्यावर, पावसात ही जोडी नको. ओलीत तांब्याला लागलेलं ॲल्युमिनियम झिजत जातं. आपल्या कासवाला तो धोका नाही, पण ऊन त्यालाही चालणार नाही. ५ आकड्याचं प्लास्टिक उन्हात ठिसूळ होतं, त्याचे कपचे पडू लागतात. ते घरातच, खिडकीपासून लांब टांगायचं.

पोटाच्या आत एक पुठ्ठ्याची पाटी बांधली आहे: आधी घसा आणि वल्ही, मग पीळ, मग सांगाडा. वेण्या तेवढ्या कुणी घेणार नाही, त्या पुढच्या कामाला वापरू. पक्कड घेऊन दोघं बसले तर एका दिवसात सगळं सुटेल. बुचं तुम्हाला २ आणि ५ अशी दोन वेगळ्या पोत्यांत मिळतील, तार वेगळी, आणि पुठ्ठा भिजवायला तयार.

तुमचे,
कासवाच्या कामावरचे सगळे