इकोवरचा आकडा म्हणजे निदान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, कधी घाईने चालताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या होतात, मग दमा समजून पंप होतो, बाई असेल तर ‘टेन्शन घेऊ नका’ हेही ऐकून होते. शेवटी कोणीतरी टू-डी इको करायला सांगते आणि रिपोर्टच्या तळाशी दोन शब्द येतात: ‘सिव्हिअर पीएएच’ (तीव्र पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन). शेजारी ७० किंवा ८० असा आकडा. त्याच दिवशी फुफ्फुसाच्या धमन्या रुंदावणारी सिल्डेनाफिलची गोळी सुरू होते. फुफ्फुसांच्या धमन्यांमधला दाब का वाढला, हे मात्र कोणी शोधलेले नसते. या वाढलेल्या दाबाच्या आजाराच्या, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शनच्या रुग्णाचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. ते टाळता येते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इको हा दाब थेट मोजत नाही, अंदाज बांधतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करून चौपट करायची आणि उजव्या कर्णिकेचा अंदाजे दाब त्यात मिळवायचा, असे ते गणित. वेग सेकंदाला ३.५ मीटर धरला तर ४९ येतात, ४ मीटर धरला तर ६४. अर्ध्या मीटरच्या फरकाने आकडा १५ ने सरकतो. शिवाय इकोचा आकडा वरच्या (हृदय आकुंचन पावतानाच्या) दाबाचा असतो, आजाराची व्याख्या मात्र सरासरी दाबावर आहे: विश्रांतीच्या वेळी २० मिलिमीटरच्या वर. संशय घेण्यासाठी इको उत्तम आहे, पण निदान त्याच्यावर उभे राहत नाही.

या आजाराचे पाच गट आहेत, आणि आपल्याकडे पाचही गटांना रिपोर्टात सरसकट ‘पीएएच’ लिहितात. खरे पीएएच, म्हणजे मुळात फुफ्फुसाच्या धमन्यांचाच आजार, हा त्यातला पहिला आणि दुर्मीळ गट. दुसरा आणि सर्वांत मोठा गट डाव्या हृदयाच्या आजारांचा. लहानपणीच्या संधिवाती तापाने आकसलेली मायट्रल झडप आपल्या ग्रामीण भागात अजून दिसते. तिथे फुगा घालून किंवा शस्त्रक्रियेने झडप मोकळी करणे हा उपाय आहे. त्याऐवजी फुफ्फुसाच्या धमन्या रुंदावणारी गोळी दिली तर फुफ्फुसात जास्त रक्त शिरते, पुढची वाट मात्र बंदच असते, आणि फुफ्फुसात पाणी भरते. तिसरा गट चुलीचा धूर, विडी-सिगारेट, फुफ्फुसांचे कडक होणे, झोपेत श्वास अडकणे यांचा. चौथा जुन्या गुठळ्यांचा, त्याविषयी खाली लिहिते. पाचवा उरलेल्या मिश्र कारणांचा. मुलांमध्ये आणि तरुणांत हृदयातल्या जन्मजात छिद्राचा विचार आधी करावा. ते वेळेत बंद केले तर मूल बरे होते. दाब इतका वाढला की अशुद्ध रक्त उलटे वाहू लागते आणि ओठ-नखे निळी पडतात, तेव्हा मात्र छिद्र बंद करणे घातक ठरते. ऑक्सिमीटर हाताच्या बोटाइतकाच पायाच्या बोटालाही लावून पाहावा. हाताला ९५ आणि पायाला ८५ असे दिसले तर जन्मतः उघडी राहिलेली नलिका शोधायला हवी.

रुग्ण कोणत्या गटातला हे ठरवणारी तपासणी म्हणजे उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन, थोडक्यात ‘कॅथ’. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात. टोकाला छोटा फुगा असतो. तो फुगवून नळी धमनीच्या फांदीत टेकवली की पलीकडचा, म्हणजे डाव्या बाजूचा दाब कळतो. याला वेज प्रेशर म्हणतात. सरासरी दाब वाढलेला, वेज १५ किंवा त्याखाली आणि धमन्यांचा रोध २ वूड युनिटच्या (रोध मोजण्याचे एकक) वर असेल, तर दोष फुफ्फुसाकडे. वेज १५ च्या वर गेला तर डावे हृदय तपासा. पुष्कळ नातेवाईक सांगतात, ‘अँजिओग्राफी झाली, सगळे नॉर्मल आहे.’ अँजिओग्राफी हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची असते. ही तपासणी वेगळी. रिपोर्टात सरासरी दाब, वेज, कार्डिअॅक आउटपुट (हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते) आणि रोध हे चारही आकडे नसतील तर ते मागून घ्यावेत, नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा कॅथ करायला सांगतो.

म्हणून तज्ज्ञ निवडताना पाटीवरच्या पदव्यांपेक्षा चार प्रश्न उपयोगी पडतात. उजव्या हृदयाचे कॅथ इथे नियमित होते का? वेज प्रेशर मोजता का? त्या टेबलावरच नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासातून देऊन दाब उतरतो का, ही चाचणी होते का? आणि हृदयरोगतज्ज्ञ व फुफ्फुसविकारतज्ज्ञ दोघे मिळून फाइल पाहतात का? तिसरा प्रश्न बारीक वाटतो, पण त्याचे मोल मोठे आहे. कारण न सापडलेल्या पीएएचच्या काही थोड्या रुग्णांत त्या चाचणीने सरासरी दाब किमान १० ने उतरून ४० किंवा त्याखाली येतो आणि आउटपुट घटत नाही. त्यांना अॅम्लोडिपिनसारखी बीपीची स्वस्त गोळी मोठ्या डोसात वर्षानुवर्षे पुरते. चाचणी न करता तीच गोळी दिली तर इतरांना ती धोक्याची. त्वचा कडक होणे, बोटे थंडीत पांढरी-निळी पडणे, सांधे सुजणे असे काही असेल तर संधिवाततज्ज्ञही हवा.

आता गुठळ्यांचा गट. पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊन विरघळली नाही की तिचा चिवट थर धमनीच्या आत चिकटून बसतो. तीन महिने रक्त पातळ करणारे औषध घेऊनही धाप तशीच राहिली तर व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचते ते दाखवणारा) हवा. सीटी अँजिओग्राफीत हा आजार निसटू शकतो. व्ही-क्यू स्कॅन नॉर्मल आला तर मात्र शंका जवळपास मिटते. तो न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होतो, त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. पण या एका गटात आजार मुळापासून काढता येतो. शरीर सुमारे २० अंशांपर्यंत थंड करतात, रक्ताभिसरण एका वेळी साधारण २० मिनिटे थांबवतात आणि त्या अवधीत धमनीच्या आतला थर साल सोलावी तसा फांद्यांसकट ओढून काढतात. हे देशात मोजक्याच ठिकाणी होते, त्यात बेंगळुरूचा अनुभव मोठा आहे. जिथे चाकू पोचत नाही तिथे फुग्याने धमनी उघडणे किंवा रिओसिग्वाट ही गोळी हे पर्याय आहेत. व्ही-क्यू न करता कोणालाही ‘आयुष्यभर गोळ्या’ सांगणे अन्यायाचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

मुंबईत केईएम, शीव, नायर, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळी इथे हृदयरोग विभाग आहेत. जाण्यापूर्वी ओपीडीचा वार विचारून घ्या. सोबत इकोचा कागद पुरत नाही, सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा. ईसीजी, एक्स-रे, फुफ्फुसांचा सीटी, डीएलसीओसह (फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो ते मोजणारी) श्वासक्षमतेची चाचणी, पोटाची सोनोग्राफी, आणि एचआयव्ही, एएनए (संधिवाती आजारांसाठी), थायरॉइड, यकृत, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी) हे रक्ताचे रिपोर्ट तारखेनुसार लावा. तिथे ३० मीटरच्या मार्गावर सहा मिनिटे चालायला लावतील, तेव्हा चप्पल सोयीची असावी. चालताना चक्कर येऊन पडण्याचा प्रकार झाला असेल तर तारखेची वाट न पाहता भरती व्हावे.

औषधांच्या चुका घरोघरी त्याच असतात. सिल्डेनाफिलचा नेहमीचा डोस २० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. गावातल्या दुकानात २० ची गोळी मिळत नाही, मग ५० ची अंदाजाने तोडतात. हेच औषध व्हायग्रा नावानेही विकले जाते, म्हणून काही दुकानदार नाव वाचून हसतात आणि बाया परत दुकानात जात नाहीत. चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहून घेतले की हा त्रास टळतो. ही गोळी चालू असताना छातीत दुखले म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नये, बीपी एकदम कोसळते. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असावे आणि पाकिटात तशी चिठ्ठी असावी. रिओसिग्वाट आणि सिल्डेनाफिल एकत्र कधीच घेऊ नयेत. बोसेंटान या आजाराच्याच दुसऱ्या गोळीवर दर महिन्याला यकृताची तपासणी लागते, त्याने गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो. बोसेंटान आणि त्याच जातीच्या अॅम्ब्रिसेंटान, मॅसिटेंटान या गोळ्या गर्भाला अपाय करतात, आणि या आजारात गरोदरपण आईच्याच जिवावर बेतू शकते. लग्न ठरवताना मुलीचा आजार लपवणाऱ्या घरांनी हे समजून घ्यावे. गोळी संपली म्हणून अचानक बंद झाली तर प्रकृती झपाट्याने ढासळते, त्यामुळे १५ दिवसांचा साठा कायम जवळ हवा. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे, डॉक्टरांना लगेच कळवावे.

खर्चाचे कोडे इथेच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी आहे, जन्मभराच्या गोळ्यांचा भार घरावरच पडतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला भरतीच्या आधीच भेटावे, बिल हातात आल्यावर नव्हे.

आरोग्य विभागाकडे दोन मागण्या. कॅथलॅब असलेल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस हृदयरोग, फुफ्फुसविकार आणि संधिवात यांची एकत्र ओपीडी ठेवावी, आणि तिचा वार जिल्हा रुग्णालयांच्या फलकावर लावावा. कॅथने निदान पक्के झालेल्या रुग्णांना सिल्डेनाफिल किंवा त्याच जातीचे टाडालाफिल आणि बोसेंटान किंवा अॅम्ब्रिसेंटान दर महिन्याला जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीवर मोफत मिळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, सांगली
(कृपया नाव छापू नये.)