इन्व्हर्टरच्या बॅटरीचे तास बिलावर लिहून द्या

मा. संपादक,

सकाळी पेपर आला की मी पहिल्या पानाआधी वीजपुरवठा बंद असणाऱ्या गावांची चौकट बघते. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांच्या पाठीखाली एअर बेड आहे. त्याचा पंप जेमतेम १० वॅटचा. पण लाईट गेली की गादीतली हवा हळूहळू उतरते, आणि पाठीला जखम व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून गेल्या वर्षी चवथीच्या तोंडावर घाईघाईत इन्व्हर्टर घेतला. दोन पंखे, चार दिवे, वायफाय आणि हा पंप, एवढंच चालवायचं होतं. दुकानदार म्हणाला, ‘१५० एएचची बॅटरी न्या बाई, आठ तास बघायला नको.’ (एएच म्हणजे अँपियर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) चौथा तास भरायच्या आतच इन्व्हर्टर पी-पी करायला लागला. फोन केला तर म्हणे, पंखे कमी चालवा.

आयटीआयत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मग वहीत हिशेब मांडून दाखवला. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास. त्यातले वीसेक टक्के इन्व्हर्टरच खातो, राहिले १,४४०. लेड-ॲसिड बॅटरी दरवेळी तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणून निम्म्यावर थांबायचं. हातात उरले ७२०. जुने ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे चार दिवे, पंप आणि वायफाय मिळून आमचा भार २०६ वॅट. भागाकार करा, साडेतीन तास! त्यात बॅटरीवर १५० च्या पुढे बारीक अक्षरात ‘सी२०’ होतं. म्हणजे साडेसात अँपियरने वीस तास सावकाश वापरली तरच ती १५० एएच देणार; आम्ही एकवीस-बावीस अँपियर ओढत होतो. ‘सी१०’वाली १५ अँपियरने दहा तास देते. आकडा दोन्हींवर १५०च. हे काउंटरवर कोण सांगतं?

भाच्याने बॅटरीला हात न लावता पंखे बदलायला लावले. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, ३० वॅटचे. भार ११६ वर आला आणि त्याच बॅटरीवर सहा तास निघाले. बॅटरी सासूबाईंच्या खोलीत ठेवली होती, तीही त्याने पडवीत हलवली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, बंद खोलीत ती नको.

सगळं सुरळीत चाललं असताना आमच्या ह्यांनी पराक्रम केला. बॅटरीतलं पाणी कमी दिसलं, तर डिस्टिल्ड वॉटर आणायला साखळीच्या बाजारात कोण जाईल म्हणून विहिरीचं पाणी ओतलं. ‘ह्या पाण्यावर चार पिढ्या वाढल्या,’ असं वर मलाच ऐकवलं. पिढ्या वाढल्या असतील, बॅटरी काही महिन्यांत आटोपली.

आता भाच्याचा हट्ट लिथियमचा. १२.८ व्होल्ट, १०० एएच म्हणजे १,२८० वॅट-तास. त्यातले ८० टक्के बिनघोर वापरता येतात, पाणी घालायला नको, टिकतेही जास्त. (ह्यांच्यापासून सुरक्षित, हा मोठाच गुण.) पण किंमत बरीच जास्त आणि आमच्या इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग नाही, म्हणजे तोही बदला. मी ट्यूब्युलरच (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) घ्यायची ठरवली, सी१०ची. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळात माड तारांवर पडून आमच्याकडे तीन दिवस अंधार होता. त्या हिशेबाने बॅटऱ्या घ्यायला गेले तर माणसांना ओसरीवर झोपावं लागेल. मला पाच-सहा तासांची सोय हवी होती. मात्र एकदा खाली गेलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास घेते. जूनमध्ये लाईट तासभर येऊन पुन्हा जाते, तेव्हा दुसऱ्या फेरीला अर्धीसुद्धा हाती लागत नाही.

यावेळी दुकानात मी एकच मागणी केली: माझा भार लिहा आणि त्याच्यापुढे तास लिहा, बिलावर. पहिला दुकानदार हसला, ‘असं कोणी लिहून देत नाही.’ दुसऱ्याने पेन काढलं, डोकं खाजवलं, कॅल्क्युलेटर दोनदा दाबला आणि बिलामागे लिहिलं, ‘१२० वॅट, साडेपाच तास,’ खाली सही. सगळ्याच दुकानदारांनी असं लिहून द्यावं आणि आपल्या वाचकांनी ते मागून घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र. माझी जुनी बॅटरी त्यानेच बदल्यात घेतली, तिचे पैसे वळते केले आणि जाताना डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन हातात ठेवला. तो मी ह्यांच्या डोळ्यांसमोर राहील असा ठेवला आहे.

आपली,
एक वाचक, केरी-सत्तरी