‘टाचा पाहिल्यास का?’ असं विचारणाऱ्या सचिवकाकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही ‘अगं, ते क्लबचं काम आहे’ म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि सतराव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं. उजवी बाजू लुळी. घरातला पलंग इतका बुटका, की त्यांना वर सरकवताना पहिल्याच दिवशी आईची कंबर धरली. एका परिचारिकेने तुमच्या रोटरी क्लबच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राचा नंबर दिला होता. रात्री नऊला, संकोचतच, फोन केला. आम्ही कोण, कोणाच्या ओळखीने आलो, यातलं काहीही तुम्ही विचारलं नाही. विचारलंत ते असं: वजन किती आहे? स्वतःहून कुशीवर वळतात का? आणि जिना किती रुंद आहे? जिन्याचा प्रश्न मला तेव्हा चमत्कारिक वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी फाउलर बेड, म्हणजे पाठ आणि पाय वर-खाली करता येणारा रुग्णालयातला पलंग, सुटा करून, आमच्या त्या अरुंद वळणावरून वर आला, तेव्हा समजलं.

दोघं स्वयंसेवक आले होते. बेड जोडला, मागची आणि पायाकडची हँडल फिरवून दाखवली, सही घेतली, आणि मग निघून जाण्याऐवजी बसले. त्यातल्या ताईंनी चादरीची चौपदरी घडी बाबांच्या पाठीखाली सरकवून, दोन्ही बाजूंनी धरून, त्यांना न ओढता कसं उचलून सरकवायचं ते आईकडून तीनदा करून घेतलं. बेडबरोबर आलेल्या, पंपावर चालणाऱ्या हवेच्या गादीचे कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे एकाच जागी सतत दाब राहत नाही, हे त्यांनी हात लावून दाखवलं. पण गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही, हेही बजावलं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.

इथवरची मदत खूप मोठी होती. पण पत्र लिहायला बसले आहे ते पुढच्या गोष्टीसाठी.

दर बुधवारी संध्याकाळी तुमचा फोन यायचा. तिसऱ्या बुधवारी मी घाईत होते. ‘सगळं ठीक आहे काका,’ म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘टाचा पाहिल्यास का?’ पाठ रोज पाहत होते, कंबर पाहत होते. टाचा नव्हत्या पाहिल्या. फोन चालू ठेवून चादर उचलली. उजव्या टाचेवर रुपयाएवढी लाली होती. तुम्ही बोटाने दाबून पाहायला सांगितलंत. एरवी कातडी दाबली की क्षणभर पांढुरकी होते, ही होईना. शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होती ती. त्याच रात्री डॉक्टरांना कळवलं, पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवल्या. कातडी फाटायच्या आत ती जागा बरी झाली. बाबांना त्या बाजूला दुखणंही कळत नव्हतं. तुम्ही विचारलं नसतं तर आम्हाला जखम झाल्यावरच कळलं असतं.

पाच महिन्यांनी बाबा चार पायांच्या काठीवर उभे राहिले आणि आम्ही बेड परत केला. तेव्हा तुम्ही गुरुवारच्या सभेला बोलावलंत. खरं सांगते, अशा क्लबांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. हार, भाषणं, फोटो, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. त्या दिवशी घंटा वाजली, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं, आणि चौथा विषय निघाला: ‘दिलेलं साहित्य, आठवड्याचा आढावा’. तुम्ही नोंदवही उघडून एकेका घराचं सांगत होतात. कुठे पंप आवाज करतोय, कुठे कमोड खुर्चीच्या पायाचं रबर झिजलंय, कोणाला आता वॉकर पुरेल. एका व्हीलचेअरच्या ब्रेकवर वीस मिनिटं चर्चा झाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुधवारचा फोन या गुरुवारसाठी होता! सभेत उत्तर द्यायचं असतं म्हणून आदल्या दिवशी विचारलं जातं. आमच्या घरचं नाव सलग बावीस गुरुवार त्या खोलीत घेतलं गेलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

सभेनंतर तुम्ही रोटरीची गोष्ट सांगितलीत. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन परिचित पहिल्यांदा एकत्र बसले, पुढे आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटू लागले, त्या आळीपाळीवरूनच, इंग्रजीतल्या ‘रोटेशन’वरून, ‘रोटरी’ नाव पडलं. त्यांचं पहिलं मोठं लोकोपयोगी काम १९०७ मधलं, शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून केलेल्या खटपटीचं. मला ते फार आवडलं. माणसाच्या रोजच्या, लाजेने न बोलल्या जाणाऱ्या गरजेपासून सुरुवात. तुमच्या गोदामात सगळ्यांत जास्त मागणी कमोड खुर्चीला असते, हे तुम्हीच सांगितलंत ना? रोटरीने १९८५ मध्ये हाती घेतलेलं पोलिओचं काम अजूनही सोडलेलं नाही, हे ऐकताना मला तुमची नोंदवहीच दिसत होती. विषय संपेपर्यंत तो पुढच्या सभेच्या पत्रिकेवर राहतोच.

काका, बेड जोडून देणाऱ्या त्या दोघांना, पंप दुरुस्त करणाऱ्या दादांना आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या काकूंना माझा नमस्कार सांगा. आईने बेडबरोबर पाठवलेल्या चादरी धुतलेल्या आहेत, पुढच्या घरी सरकवायला उपयोगी पडतील.

नोंदवहीतली पहिली चार घरं तुम्ही माझ्याकडे दिली आहेत. बुधवारी सहा वाजता फोन करीन, आणि टाचांचं विचारीन. गुरुवारी सभेत भेटू.

आपली,
बाबांची मुलगी