अगापँथसला कळी का येत नाही?

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतल्या बागेच्या सदरात अगापँथस या फुलझाडाविषयी दोन सल्ले आले: 'मुळे कुंडीत आवळलेली असली की तो भरपूर फुलतो' आणि 'थंडीत गड्ड्यावर पेंढा घालावा'. पहिला सल्ला अर्धाच खरा. दुसरा इंग्लंडात खरा. पुण्यात पेंढा घालून गोगलगायींची सोय करण्यापलीकडे काही साधणार नाही. पानांचा भारा माजला आहे पण फुलांचा दांडा एकही नाही, अशी कुंडी सांभाळून बसलेले वाचक बरेच असावेत. त्यांच्यासाठी हे पत्र.

नर्सरीत हे रोप 'आफ्रिकन लिली' किंवा 'लिली ऑफ द नाईल' म्हणून मिळते. ते लिलीही नाही आणि नाईलचा तर त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मूळ दक्षिण आफ्रिकेचे, आणि कांदा-लसूण, नर्गिस ज्या कुळातले त्याच कुळातले. मातीखाली मात्र कांदा नसतो. आल्यासारखे जाड, आडवे खोड (हाच गड्डा) असते आणि त्याला शतावरीची आठवण करून देणारी पांढरी, मांसल मुळे. ही मुळे पाणी साठवतात, त्यामुळे चार दिवस पाणी चुकले तरी झाड मरत नाही. ते फक्त फुलायचे सोडून देते, आणि घोटाळा इथेच होतो. पाने हिरवीगार दिसतात म्हणून आपल्याला वाटते, सगळे ठीक चालले आहे.

लेबलवर जातीचे नाव 'आफ्रिकानस' लिहिलेले असते, तेही बहुधा चूकच. खरा आफ्रिकानस पश्चिम केपच्या डोंगरांत, हिवाळी पावसाच्या पट्ट्यात, खडकांच्या फटीत वाढतो आणि बागेत सहसा टिकत नाही. बागांत सगळीकडे दिसतो तो पूर्व केप आणि क्वाझुलू-नाताळकडचा 'प्रेकॉक्स'. त्याची पाने रुंद आणि बारमाही हिरवी असतात. ड्रेकेन्सबर्ग डोंगराकडचा 'कॅम्पॅन्युलॅटस' अरुंद पानांचा. तो हिवाळ्यात पाने गाळून निजतो आणि कडाक्याची थंडी सोसतो. इंग्लंडात लुईस पामर यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या कर्स्टनबॉशच्या बागेतून बी मागवून हॅम्पशरमध्ये जे 'हेडबोर्न' संकर वाढवले, तेही थंडीला काटक म्हणूनच नावाजले गेले.

आता मूळ प्रश्न. अगापँथसची कळी फुलायच्या वेळी तयार होत नाही, ती आदल्या हंगामातच गड्ड्यात पडते. इंग्लंडात जुलै-ऑगस्टमध्ये फुले येतात आणि ती ओसरता ओसरताच, उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, प्रत्येक भरदार फुटव्याच्या पोटात पुढच्या वर्षीचा दांडा आकार घेतो. नेमकी याच वेळी माणसे कुंडीकडे पाठ फिरवतात. फुले गेली, पाणी कमी, खत बंद. मग पुढच्या जूनमध्ये पोटॅशची बाटली आणून ओततात. पण तोवर वेळ गेलेली असते. जमिनीत लावलेल्याचेही तसेच. शेजारची डेलिया किंवा उंच गवते ऑगस्टमध्ये गड्ड्यावर आडवी झाली आणि बुंध्याशी ऊन पोहोचले नाही, तर पुढच्या वर्षी तेवढ्या भागात दांडे येत नाहीत. वाफ्यात मोठ्या जाती 45 सेंमी आणि ठेंगण्या 30 सेंमी अंतरावर लावाव्यात, आणि त्यांच्यापुढे काही उंच लावू नये.

दुसरे कारण थंडीचे. प्रेकॉक्सला कळी धरायला गार रात्री लागतात. लंडन-लेस्टरकडचे मराठी लोक कुंडी नोव्हेंबरमध्ये उबदार बैठकीत आणून ठेवतात; तिथे ती सुखाने वाढते आणि फुलत नाही. हिटर नसलेले काचघर किंवा उजेडाची, दंव न पडणारी पडवी हीच तिची जागा, आणि पाणी अगदी बेताचे. पानगळीच्या जाती अंधाऱ्या गॅरेजमध्येही चालतात; त्यांना पानेच नसतात, तेव्हा उजेडाची गरज नाही. पेंढ्याचे, 10 सेंमीचे, पांघरूण हे तिथल्या जमिनीतल्या गड्ड्यांना गोठण्यापासून वाचवण्यासाठी असते.

आपल्याकडे पुणे, नाशिक इथे डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री 10-12 अंशांवर उतरतात, म्हणून तिथे प्रयत्न करायला हरकत नाही. महाबळेश्वर-पाचगणीत थंडी पुरते, पण पावसाशी गाठ आहे. तिथे सपाट वाफ्यात लावूच नये. किमान 20 सेंमी उंच गादीवाफा करावा आणि गड्ड्याचे डोके मातीच्या वर दिसेल असे लावावे. इंग्रजी पुस्तकांतला '5 सेंमी खोल' हा आकडा थंडीसाठी आहे. आपल्या पावसात तेवढे खोल लावले की बुंधा सडतो. मुंबई, कोकण, गोवा इथे पैसे खर्च करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे स्पायडर लिली लावावी, ती न सांगता फुलते.

कुंडीविषयी. 'आवळलेली मुळे' हा सल्ला आला कुठून? रोप मोठ्या कुंडीत टाकले की ते आधी सगळी माती मुळांनी भरते, मग फुलांकडे बघते. तिथवर खरे. म्हणून नर्सरीच्या पिशवीतले रोप थेट 18 इंची कुंडीत न लावता 8-9 इंचीत लावावे. पण तीन-चार वर्षांनी मुळे इतकी दाटतात की माती उरतच नाही. मुळांच्या रेट्याने रोप कुंडीच्या काठावर उचलले जाते, पाणी वर साचते आणि कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाते. थाळीत पाणी दिसते, गड्डा कोरडाच. पेचकस मातीत खुपसून पाहावा. बोटभरही जात नसेल तर आवळणे आता फुलांच्या मुळावर उठले आहे असे समजावे. अशा वेळी दोन इंच मोठी कुंडी घ्यावी, नाहीतर विभागणी करावी. पोट सुटलेल्या, तोंड आवळलेल्या मातीच्या कुंडीत अगापँथस कधीही लावू नये. बाहेर काढताना कुंडीच फोडावी लागते.

माती: 2 भाग पोयटा, 1 भाग पुरते कुजलेले शेणखत, 1 भाग खडी क्रशरची कच. काळी माती चालत नाही. नर्सरीवाले देतात ते नुसते कोकोपीटही नाही, कारण पावसात ते चिखल धरते. ऊन सकाळचे, अकरा-बारापर्यंतचे, भरपूर हवे. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीजवळ पानांची टोके करपतात.

खत देताना युरिया आणि 19:19:19 दोन्ही दूर ठेवावे, नत्राने पानेच माजतात. पावसाळ्यात दिलेले खत वाहून जाते. तेव्हा पाऊस सरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, दर पंधरा दिवसांनी 0:0:50 (नत्र नसलेले पालाश खत) लिटरला 1 ते 2 ग्रॅम, आधी भिजवलेल्या मातीत. जानेवारीत खत नाही, पाणीही कमी. फेब्रुवारीत नवी पाने हलू लागली की पुन्हा पाणी, आणि दांडा दिसल्यावर कुंडी एक दिवसही कोरडी पडू द्यायची नाही. नाहीतर कळ्या तपकिरी होऊन गळतात.

विभागणी पाऊस संपल्यावर करावी. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढायचा, नळाखाली धुवायचा, म्हणजे फुटवे कुठून निघाले आहेत ते दिसते. हाताने तो सुटत नाही. पाव कापायच्या दातेरी सुरीने, मोठा असेल तर करवतीने, प्रत्येक तुकड्यात 3-4 फुटवे येतील असा कापावा. एका फुटव्याचे तुकडे करण्याची हाव नको. त्यांना फुलायला वर्षे जातात. मऊ, तपकिरी मुळे छाटावीत, पाने निम्मी करावीत, काप एक दिवस सावलीत सुकू द्यावेत आणि मग लावावे. पहिला आठवडा पाणी बेताने. पुढचा हंगाम बहुधा फुलांविना जातो, म्हणून सगळ्या कुंड्या एकाच वर्षी फोडू नयेत.

विळी किंवा सुरी चालवताना हातमोजे घालावेत, रसाने त्वचेला खाज सुटते. गोगलगायी दाट पानांच्या बेचक्यात दिवसा लपतात. रात्री विजेरी घेऊन वेचणे हाच उपाय. पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे 2014 पासून अगापँथसची गादमाशी आढळते. झुबक्यातल्या काही कळ्या फुगीर, वेड्यावाकड्या, रंग उडालेल्या दिसतात आणि उमलत नाहीत. कळी नखाने फोडली की आत बारीक पिवळट अळ्या दिसतात. त्यावर खात्रीची फवारणी नाही. आख्खा झुबका कापून पिशवीत बंद करून टाकावा. कंपोस्टमध्ये टाकू नये, अळ्या मातीतच कोशात जातात.

बियांपासूनही रोपे होतात. बी काळे, चपटे, पंखाचे; ताजे पेरले तर महिन्याभरात उगवते, पण फुलायला 3-4 वर्षे लागतात आणि रंग आईसारखाच येईल असे नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात हेच बी ओढ्याकाठी, रस्त्याकडेला पसरून अगापँथस तण ठरला आहे. मेलबर्न-ऑकलंडकडच्या मराठी बागांत बोंडे हिरवी असतानाच दांडे कापावेत.

सदरात पेंढ्याच्या सल्ल्याची दुरुस्ती आणि खताचे वेळापत्रक छापाल तर ते सप्टेंबरआधी छापावे, ही विनंती. खत द्यायची वेळ तेव्हाच सुरू होते.

आपले,
बागकाम करणारे काही वाचक, पुणे